मधुमेह आणि मूत्रपिंडाची पूर्वसूचना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात खंडाळा येथे केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक आणि मुलांना त्रैराशिक शिकविण्यात हयात घालविलेला एक प्राथमिक शिक्षक, एवढीच माझी योग्यता. तथापि आज जो विषय मी मांडणार आहे, तो मी पुस्तकात वाचण्यापूर्वी स्वतःच्या घरात पाहिला. म्हणूनच हे धाडस करीत आहे.

मधुमेह आपल्या देशास नवा नाही. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत त्याचे वर्णन आहे. लघवीला मुंग्या लागल्या की रोग ओळखावा, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होते. पण हा रोग आता किती पसरला आहे, याची कल्पना फारच थोड्यांस असेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही सुमारे दहा कोटी दहा लक्ष आहेत. या मंडपात ज्याच्या घरी एकही मधुमेही नाही, असे कुटुंब शोधावेच लागेल.

साखरेची मुंगीला वार्ता लागते; परंतु मूत्रपिंड झिजू लागले की लघवीतून जे द्रव्य जाऊ लागते, त्याला मुंगी लागत नाही. त्या द्रव्याचे नाव अल्ब्युमिन. हे रक्तातील एक प्रथिन होय. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व पाणी शरीर परत घेते. निरोगी गाळणी अल्ब्युमिनला बाहेर जाऊ देत नाही. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने या गाळण्या विरतात आणि जुन्या धोतरातून पीठ गळावे तसे अल्ब्युमिन गळू लागते.

लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली लिहून ठेवले की, मूत्रपिंडाच्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली असता अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठते. पण तशी गोठेपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असे. त्याहून कितीतरी सूक्ष्म प्रमाणातील अल्ब्युमिन मोजण्याची रीत १९६० नंतरच्या दशकांत विकसित झाली आणि तेव्हापासून पूर्वसूचना हाती येऊ लागली.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, बारा वर्षे मधुमेही होते. दर तिमाहीस उपाशीपोटी रक्त देत, साखरेचा आकडा वहीत टिपून ठेवीत. वही इतकी टापटिपीची की मी ती विद्यार्थ्यांना दाखवावी! मात्र त्या वहीत लघवीतील अल्ब्युमिनचा एकही आकडा नव्हता. कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पाय सुजू लागले तेव्हा दिवसभर शेतात उभे राहिल्याने असेल, असे आम्ही समजलो. निदान झाले तेव्हा फार उशीर झाला होता. पुढे अडीच वर्षे आठवड्यातून दोनदा खंबाटकीचा घाट ओलांडून त्यांना साताऱ्यास डायलिसिसला न्यावे लागे. परत येताना ते खिडकीबाहेर पाहत, पण बोलत नसत. या दुःखाचा दोष मी कोणावर ठेवीत नाही. आमचे अज्ञान मात्र कबूल करतो.

दादांच्या वर्षश्राद्धानंतर मी स्वतःची तपासणी करून घेतली. मलाही सात वर्षे मधुमेह होता. पायाला सूज नव्हती, वेदना नव्हती. तरी आकडा आला ८४.

हा आकडा कसला, तेही सांगतो, कारण येथे माझे त्रैराशिक उपयोगी पडते. गुळाचा एकच खडा तांब्याभर पाण्यात विरघळविला तर पाणी गोड लागते, घागरभर पाण्यात विरघळविला तर फिके. पण गूळ तेवढाच. लघवीही पाणी पिण्यावर दाट-पातळ होते. म्हणून नुसते अल्ब्युमिन न मोजता, जे क्रिएटिनीन शरीरातून रोज जवळजवळ सारखेच बाहेर पडते, त्याच्याशी त्याचे प्रमाण काढतात. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमहून कमी असावे. ३० ते ३०० ही धोक्याची सूचना आणि ३०० च्या पुढे रोग बळावलेला समजावा. प्रयोगशाळेत या तपासणीस ‘एसीआर’ म्हणतात. सकाळची पहिली लघवी उत्तम. साध्या पट्टीची तपासणी पुरेशी नव्हे. अल्ब्युमिन पुष्कळ वाढेपर्यंत ती बहुधा गप्प राहते.

एका आकड्याने मात्र घाबरून जाऊ नये. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, अतिश्रम किंवा मासिक पाळी यांमुळेही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा तपासून दोनदा वाढलेला आढळला, तरच तो खरा मानतात. शिवाय काहींचे मूत्रपिंड अल्ब्युमिन न जाताही झिजते. म्हणून रक्तातील क्रिएटिनीनही वर्षातून एकदा पाहावे.

सूचना वेळीच मिळाली तर उपाय आहेत. रक्तदाब व साखर आवरावी, तंबाखू सोडावी, डॉक्टरांस विचारल्यावाचून वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. लोसार्टनसारखी रक्तदाबाची औषधे मधुमेह्याच्या मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात, हे २००१ साली सिद्ध झाले. २०१९ पासून आणखी नव्या औषधांची भर पडली आहे. औषध कोणते, हे डॉक्टरांनीच ठरवावे. माझा आकडा दोन वर्षांत ८४ वरून ३८ वर आला. दादांना ही संधी मिळाली नाही.

आता एक कटू गोष्ट बोलतो, क्षमा असावी. आपल्या समाजात घरी लग्नाचे मूल असले की आई-बापांचा मधुमेह लपविण्याची रीत पडली आहे. सोयरीक मोडेल म्हणून औषधाची बाटली देव्हाऱ्यामागे ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. जिच्या नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना ज्यांनी १८९७ साली प्राण वेचले, त्यांच्या या खंडाळा तालुक्यास रोगाची लाज शोभत नाही.

म्हणून मंडळास माझी नम्र सूचना आहे. दरवर्षी शाल-श्रीफळावर होणाऱ्या खर्चातील काही भाग राखून, मधुमेही सभासदांची ही तपासणी संमेलनाच्या दिवशी व्हावी. या यादीतील पहिली शाल माझी वजा करावी. आणि आपल्या वहीत साखरेच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आजच आखावा, एवढे मागणे मागून मी आपली रजा घेतो.