वारा धरणारीं घरें

जहांगीर म्हणजे जग घेणारा. त्याच वळणावर बनलेला ‘बादगीर’ हा फारसी शब्द म्हणजे वारा घेणारा. इराणच्या मध्यभागीं, दश्ते-कवीर व दश्ते-लूत या दोन वाळवंटांच्या दरम्यान वसलेल्या यझ्द शहराच्या जुन्या वस्तीकडे उंचावरून पाहिलें, तर मातीच्या रंगाच्या छपरांवर चौकोनी मनोऱ्यांची दाटी दिसते. परक्या माणसास तीं धुराडींच वाटावीं. परंतु त्यांतून धूर बाहेर जात नाहीं. वारा आंत येतो. हेच ते बादगीर.

मुंबईंत ज्या इराणी कुटुंबांनीं उपाहारगृहें चालविलीं, त्यांपैकीं अनेकांचें मूळ गांव याच यझ्दच्या आसपासचें. ज्या मुंबईंत तीं आलीं तेथें पावसाळ्यांतल्या एकाच दिवशीं पुष्कळदां २ इंचांहून अधिक पाऊस पडतो. यझ्दला तेवढा वर्षभरांत पडला तरी पुष्कळ. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. लाकूड दुर्मिळ, आणि पाणी तर दूरच्या डोंगराच्या पायथ्यापासून कनात नांवाच्या भुयारी कालव्यांतून आणावयाचें. तेथील गवंड्याच्या हाताशीं विपुल असे तीनच पदार्थ होते: माती, ऊन आणि वारा. या तिहींचें त्यानें घर केलें.

बादगिराची रचना बाहेरून साधी, परंतु आंतून मोठी युक्तीची असते. मनोऱ्याच्या माथ्यावर उभ्या, अरुंद फटी असतात. त्यांच्या मागें विटांच्या पातळ भिंतींनीं मनोऱ्याच्या पोकळीचे उभे कप्पे पाडलेले असतात. ज्या अंगानें वारा येतो त्या अंगाच्या कप्प्यांतून तो खालीं बैठकींत उतरतो. उलट अंगाला वाऱ्याच्याच ओढीनें हवेचा दाब कमी होतो व तेथील कप्प्यांतून खोलींतील ऊन हवा वर खेंचली जाते. एकाच मनोऱ्यांत श्वास आणि उच्छ्वास असे दोन्ही चालतात. वारा पडला तरी हें काम अगदींच थांबत नाहीं. उन्हानें मनोरा तापला कीं त्यांतील हवा हलकी होऊन वर निघते आणि तिच्या जागीं तळघरांतील व अंगणाच्या सावलींतील थंड हवा खोलींत येते. उतरणारा वारा हौदावरून गेला, तर बाष्पीभवनानें तो आणखी गार होतो. दौलताबाद बागेंतील अठराव्या शतकांतला अष्टकोनी बादगीर सुमारें ३३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या तळाशीं असाच एक हौद आहे.

मात्र बादगिराचा एकच नमुना सर्वत्र चालत नाहीं. यझ्दमध्यें मनोरे बहुधा अनेक दिशांना उघडे असतात. पण जवळच्याच अर्दकान व मेयबोद येथें बहुतेक मनोरे एकाच दिशेस तोंड करून असतात, कारण इतर दिशांचे वारे धूळ घेऊन येतात. सिंधमधील हैदराबादेंतहि एके काळीं छपराछपरावर वारा धरण्याची योजना होती, आणि तिचें तोंड सर्वत्र नैर्ऋत्येकडे, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याकडे असे. प्रत्येक गांवानें आपापल्या आकाशाला विचारूनच घर बांधलें.

वाऱ्याप्रमाणें उजेडाचीहि वांटणी ठरलेली असे. अंगणाच्या दक्षिण अंगाला, उत्तरेकडे तोंड करून, उन्हाळी बैठक असते. तिच्यांत ऊन शिरत नाहीं, आणि बादगीर तिच्याच माथ्यावर असतो. समोर, अंगणाच्या उत्तर अंगाला, हिवाळी खोल्या असतात; दक्षिणेकडे कललेला हिवाळ्यांतला सूर्य त्यांच्या दारांतून खोल आंतपर्यंत पोंचतो. ऋतु पालटला कीं कुटुंब अंगण ओलांडून समोर राहावयास जाई. उन्हाळ्यांत तर एका दिवसांतहि मुक्काम बदलत: दुपारीं तळघरांत, संध्याकाळीं पाणी शिंपडलेल्या अंगणांत, रात्रीं गच्चीवर. घर स्थिर आणि माणूस फिरता, असा हा संसार होता.

विसाव्या शतकांत वीज आली, हवा गार करणारीं यंत्रें आलीं, आणि हा संबंध उलटा झाला. आतां माणूस एका जागीं बसतो व गार हवा त्याच्याकडे आणली जाते. यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा? धुळीच्या वादळांत बादगीर मिटून घ्यावा लागे, आणि आजाऱ्यास वा वृद्धास दिवसांतून तीनदां जिना चढण्या-उतरण्यास सांगणें सोपें नव्हे. परंतु जें यंत्र एक खोली थंड करतें तेंच पुष्कळदां तिची उष्णता बाहेर गल्लींत टाकतें. शेजारीहि मग तेंच यंत्र घेतो, आणि गल्ली आणखी तापते. बादगिरानें शेजाऱ्याचा उन्हाळा कधीं वाढविला नाहीं.

२०१७ सालीं यझ्दच्या जुन्या शहराची युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली. मनोऱ्यांना त्यामुळें मान मिळाला. परंतु भुसा कालविलेल्या मातीचा गिलावा वेळोवेळीं नवा केला नाहीं, तर मान मिळूनहि मनोरा ढासळतो. गिलावा करणारा हात टिकावयाचा, तर खालीं राहणारें कुटुंबहि टिकलें पाहिजे.

उन्हाळे सर्वत्र अधिक कडक होत असतां आज वास्तुशिल्पी पुनः बादगिराकडे वळून पाहत आहेत, हें योग्यच आहे. मात्र मनोरा उचलून दुसऱ्या गांवीं नेतां येतो, वारा नेतां येत नाहीं. मुंबईच्या दमट हवेंत हौदावरून आलेला वारा यझ्दइतका गार होणार नाहीं. तेथें उघडा व्हरांडा आणि समोरासमोरच्या खिडक्याच अधिक उपयोगी. यझ्दच्या गवंड्याकडून घ्यावयाची ती मनोऱ्याची आकृति नव्हे, तर त्याची वहिवाट होय: पाया खणण्यापूर्वीं त्या जागीं ऊन कोठून येतें आणि वारा कोणीकडे जातो, हें आधीं पाहण्याची.