सुई, रबराची पिशवी आणि जुना नकाशा

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू १९४२ ते १९४५ कैदेत होते, तिथंच त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळेत शिकलोय आपण. कैद्याच्या हाताशी वस्तू चारच असतात, पण त्यांचं काय करायचं ते तो ठरवतो. आजची गोष्ट अशाच एका कैद्याची. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर, आपला मराठी फायटर पायलट.

१९६५ च्या युद्धात गोळी लागून हात जखमी झाला, तरी यांनी विमान परत आणलं. त्यासाठी वायुसेना मेडल मिळालं. १९७१ च्या युद्धात, १० डिसेंबरला, त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोचले. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी घरी कधी सोडणार हे कुणी सांगेना. मग ठरलं, पळायचं!

सामान काय? एक सुई. तिला चुंबकत्व दिलं की झालं होकायंत्र. दुसरं, जी-सूट. विमान जोरात वळलं की रक्त पायांकडे उतरतं आणि पायलटची शुद्ध हरपू शकते. म्हणून या सूटमधल्या रबरी पिशव्या फुगून पोट आणि मांड्या आवळतात. त्याच पिशव्या प्यायच्या पाण्यासाठी वापरायचं ठरलं. तिसरं, ॲटलसमधला नकाशा.

खोलीची मागची भिंत हळूहळू पोखरली. १२-१३ ऑगस्टच्या वादळी रात्री पारुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. पेशावर गाठलं, पुढं लंडी कोतल. अफगाण सरहद्द उरली फक्त चारेक मैल!

तिथं त्यांनी वाट विचारली ‘लंडी खाना’ची. नकाशात ते स्टेशन होतं. पण रेल्वेनं ते १९३२ सालीच बंद केलेलं! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेलं स्टेशन कोण शोधतंय? लोकांना संशय आला. आधी वाटलं, हे पळून जाणारे बंगाली असतील. शेवटी तिघं पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ ला बाकीच्या युद्धकैद्यांबरोबर ते वाघ्यावरून मायदेशी आले. या धाडसासाठी पारुळकरांना विशिष्ट सेवा मेडल मिळालं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले.

आता विचार करा. गोष्ट माहीत नसेल तर ती सुई म्हणजे नुसती सुई, आणि ती पिशवी म्हणजे फाटकं रबर. उद्या भंगारात जाईल. आपल्या जिल्ह्यात घराघरात फौजी आहेत. आजोबांच्या ट्रंकेत बिल्ला असेल, पत्रं असतील, जुना मगही असेल. या रविवारी एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, “हे कुठलं, आजोबा?” मग गप्प बसून ऐका. माणूस असेपर्यंतच हे जमतं.

भेटूया पुढच्या भागात!