पदराआड पाटी



भोपाळच्या श्यामला हिल्सवर क्षेत्रीय शिक्षण संस्थान आहे. तिथं शिक्षक घडतात. अशा ठिकाणी पाऊल टाकताना एखाद्या आईला वाटतं, आता आपलं वय राहिलं का?

तिला पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगायला हवी.

पार्वतीबाई मूळच्या देवरूखच्या. विशीत वैधव्य आलं, पदरात लहान मुलगा होता. केशवपन झालेलं, अंगावर आलवण. बहीण बाया कर्वे पुण्याला होत्या. मुलाला घेऊन त्या तिकडे आल्या आणि पंचविशी उलटल्यावर अभ्यासाला बसल्या.

हो, पंचविशी उलटल्यावर!

पुढे पुण्याजवळ हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमात त्या शिकवू लागल्या. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. श्रद्धा त्यांनी सोडली नाही, पण रूढी तपासून पाहिली. पुष्कळ विचार करून १९१२ साली त्यांनी केस वाढवायला सुरुवात केली. लोक काय म्हणतील, हे ठाऊक असूनही. हे धैर्य परीक्षा पास होण्याहून मोठं वाटतं.

मग १९१८ साली त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तेव्हा पंचेचाळिशीही मागे पडली होती. तिथं घरकाम करून पोट भरलं. मांसाहाराला मात्र शिवल्या नाहीत.

पंचविशीनंतर पाटी, पंचेचाळिशीनंतर इंग्रजी.

श्रोतेहो, तुमच्या घरातली सून, लेक किंवा आई बी.एड.चा अर्ज हातात घेऊन घुटमळत असेल, तर संध्याकाळचा स्वयंपाक आजपासून वाटून घ्या.