एका रुपयाचा हिशेब



 गेमिंगचं हे संमेलन नागपूरच्या जरीपटक्यात भरावं आणि इथेच व्हिडिओ गेमचं पार्लर चालवलेल्या माणसाला अध्यक्षपद मिळावं, याचा मला फार आनंद आहे.

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. आपल्याला जुगारी समजणाऱ्यांना उत्तर मिळालं. बाकीचं छापील अहवालात आहे. मला दुसरंच बोलायचं आहे, आणि ते कित्येक वर्षं मनात साचलं आहे.

सकाळच्या परिसंवादात सांगितलं गेलं की लुडो किंग आणि कँडी क्रश खेळणाऱ्यांनी खरा खेळाडू संपवला. 2006मध्ये निन्टेन्डोचा वी आला, घरातली आजीसुद्धा टीव्हीसमोर हात हलवू लागली, तेव्हाही हीच ओरड होती. मी गल्ल्यावर बसलेला माणूस आहे, म्हणून हिशेब सांगतो.

आमच्याकडे 'मुस्तफा' होता. कॅपकॉमचा 1993चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण त्यातल्या एका गड्याच्या नावावरून सगळे त्याला मुस्तफाच म्हणत. इंदोऱ्याचा एक पोट्टा एका रुपयात शेवटच्या स्टेजपर्यंत जायचा. जॉयस्टिकवर डावा हात सैल, मनगट स्थिर, नुसती बोटं चालायची. बॉस अंगावर येण्याआधी हा कोपऱ्यात सरकलेला असायचा. मागे ही गर्दी. पुढचा नंबर आपला म्हणून पोरं मशीनवर रुपया ठेवून उभी. धंद्याच्या हिशेबात तो पोट्टा म्हणजे निव्वळ तोटा! मशीन अडकलेलं आणि गल्ल्यात एक रुपया. मग विजेचं बिल कोण भरत होतं? शाळा सुटल्यावर येणारी, दोन मिनिटांत मरणारी आणि पुन्हा रुपया टाकणारी पोरं. त्यातली बहुतेक दुसऱ्या स्टेजच्या पुढे कधी गेली नाहीत. पण त्यांच्या रुपयांवर मशीन चालू राहिलं, आणि त्यांच्यातलाच एखादा मागे उभा राहून त्या पोट्ट्याची बोटं बघत तयार झाला.

सहज खेळणाऱ्याने कसलेल्या खेळाडूला पोसलं आहे, मारलेलं नाही. दिव्या देशमुख 2025मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. नागपुरात पानठेल्यामागे पट मांडून बसणाऱ्यांमुळे तिच्या खेळाला धोका आहे, असं कुणी म्हणेल का?

धोका आहे, पण तो वेगळ्या दारातून आला. फुकटच्या मोबाइल गेममध्ये बहुसंख्य लोक एक पैसाही देत नाहीत. मोजके लोक भरपूर देतात आणि कंपनी त्यांच्यावर चालते. म्हणून गेम त्यांच्यासाठी वाकतो. थांबायचं नाही? पैसे भरा. ताकद हवी? पैसे भरा. त्या पोट्ट्याने मार खाऊन कमावलेलं कसब आता विकायला मांडलं आहे. ही लूट करणाऱ्यांवर आपल्यापैकी एकही वक्ता सकाळी बोलला नाही. सगळा राग निघाला तो ऑटोत बसून लुडो खेळणाऱ्या काकूंवर! मला याची चीड आहे.

पैशाने ताकद विकत घेता येणारे गेम आपल्या स्पर्धांत नकोत, याची काहीतरी नियमावली करावी लागेल. नवख्यांना कसलेल्यांच्या मागे उभं राहून बघता येईल अशी एखादी जागा उत्तर नागपुरात हवी. भाडं, मशीन, माणसं यावर कार्यकारिणीत बोलू.

संध्याकाळी ठराव क्रमांक चार येतो आहे. मोबाइलवर सहज खेळणाऱ्यांना सभासदत्व देऊ नये, असा तो आहे. अध्यक्षाने तटस्थ राहावं हा संकेत मला ठाऊक आहे. तरीही मी त्याच्या विरोधात हात वर करणार आहे, आणि आपल्यापैकी ज्यांनी कधी पार्लरमध्ये दोन मिनिटांत रुपया घालवला असेल, त्यांनीही करावा अशी माझी विनंती आहे.