झाडाचा चीक आणि आपले हात



वर्धापनदिनी काही घरगुती उपयोगाचे सांगावे, असे चिटणीसबाई म्हणाल्या. म्हणून रबराविषयी चार शब्द बोलते.

फणस चिरताना चीक लागू नये म्हणून आपण हाताला तेल लावतो. रबर हाही असाच एका झाडाचा चीक आहे. हे झाड मूळचे ब्राझीलकडचे. १८७६ साली विकहॅम नावाच्या इंग्रजाने त्याचे बी लंडनला नेले आणि तेथील रोपे पुढे श्रीलंकेत व मलायात गेली. आपल्या देशात सर्वांत जास्त रबर केरळात होते.

रोप लावल्यावर सुमारे सात वर्षांनी चीक काढू लागतात. उजाडण्यापूर्वी सालीला तिरपी, पातळ चीर देतात आणि खाली करवंटी बांधतात. चीर लाकडापर्यंत जाता कामा नये, नाही तर झाडाला इजा होते. ऊन चढले की चीक वाहायचा थांबतो. दुधात लिंबू पिळावे तसे त्यात आम्ल घातले की रबर गोठते. त्याच्या लाद्या टायरसारख्या कामाला जातात. फुगे आणि हातमोजे यांसाठी मात्र अमोनिया घालून चीक पातळच ठेवतात. त्यात गंधक वगैरे मिसळतात, चिनीमातीचे पंजे बुडवून काढतात आणि भट्टीत तापवितात. झाला मोजा!

तेलाने फणसाचा चीक सुटतो, तसेच हे रबरही तेलाने सैल पडते. म्हणून असे मोजे तेलकट ठेवू नयेत, उन्हातही टाकू नयेत.

आता महत्त्वाचे. या चिकातली प्रथिने काही जणांना सोसत नाहीत. फुगा फुगविताना ओठ सुजतात, मोजे घातले की अंगावर गांधी उठतात, शिंका किंवा धाप लागते. त्यांतल्या काहींना केळे खाल्ल्यावरही तोंडाला खाज सुटते. आपण बायका म्हणतो, "कामाचे हात, खाजायचेच." पण भगिनींनो, असे होत असेल तर बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा दात काढणे यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे. तेथे रबरी मोजा जखमेला लागतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. आधी कळले तर डॉक्टर दुसऱ्या जातीचे मोजे वापरतात.

घरी गेल्यावर लेकीसुनांना एवढे जरूर विचारा. लाजून गप्प बसण्यासारखी ही गोष्ट नाही.