घर कोणाच्या नावावर आहे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला तेव्हा आत्याने विचारलं होतं, "म्हणजे तू नक्की होणार कोण? वकील, डॉक्टर की मास्तरीण?" मला उत्तर देता आलं नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, संशोधनपद्धती, सगळंच थोडं थोडं. शिवाय आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य.

या शिक्षणाबद्दल बोल, असं तुम्ही सांगितलंत. त्याचं कौतुक करण्याऐवजी मी माझी एक चूक सांगते.

पहिल्या वर्षी मी एका सरकारी दवाखान्यात होते. तिथे एक बाई डोकेदुखी, पाठदुखीसाठी पुन्हापुन्हा येत. तपासण्यांत काही निघेना, म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. नवरा मारतो, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. मी अहवाल लिहिला : मानसिक ताण, आत्मविश्वासाचा अभाव, समुपदेशनाची गरज. अक्षरही सुरेख काढलं होतं.

मॅडमनी तो वाचून एवढंच विचारलं, "घर कोणाच्या नावावर आहे?"

मला माहीत नव्हतं. खरं तर त्या बाई दोनदा म्हणाल्या होत्या, "बाहेर पडले तर परत घरात घेणार नाहीत." मी ते 'भीती' या रकान्यात टिपलं होतं! आणि त्याच महिन्यात, कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यातल्या १७ व्या कलमावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. घर तिच्या नावावर असो-नसो, सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, हे मला पाठ होतं. पण तो कायद्याचा पेपर, आणि हे केसवर्क!

घर कोणाच्या नावावर, हा प्रश्न तेव्हा फार कळीचा होता. सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला असा हक्क सांगता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बात्रा खटल्यात म्हटलं होतं. ते २०२० मध्ये आहुजा खटल्यात बदललं. म्हणजे मी विचारायला हवं होतं, आणि उत्तराप्रमाणे रस्ताही शोधायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात मी सगळी माहिती लिहून नेली. त्या आल्या नाहीत. केसपेपरवरचा पत्ता अर्धवट होता. नंतरही त्या कधी आल्या नाहीत.

मैत्रिणींनो, बाईचं दुखणं पेपरांत वाटलेलं नसतं. पाठ, नवरा, खोली, पोरांची शाळा, हे सगळं ती एका दमात सांगते. वाटण्या आपण करतो. मग दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशक, प्रत्येक खिडकीवर तिने पहिल्यापासून सांगायचं.

हे शहाणपण विद्यापीठाने एकट्याने शोधलेलं नाही. १९७४ मध्ये देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा अहवाल आला, त्यात आरोग्य, रोजगार, शिक्षण, कायदा एकत्र तपासले होते. त्याच वर्षी मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. पुढे चळवळीचे प्रश्न वर्गात गेले. २००५ च्या कायद्यातही राहणं, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई, हे सारं एकाच अर्जात मागता येतं. कायद्याला जे उमगलं, ते मला वर्गात बसून उमगलं नव्हतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणापासून 'बहुविद्याशाखीय' हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. शब्द चांगला आहे. पण विषय वाढले म्हणून ते आपोआप जोडले जात नाहीत. ते जोडायला समोर बाई लागते, आणि शेजारी जुनी कार्यकर्ती.

म्हणून विनंती एकच. विद्यार्थिनी क्षेत्रकार्याला येतात, तेव्हा त्यांना नुसती रजिस्टरं भरायला बसवू नका. बाई बोलत असताना त्यांना शेजारी बसवा. आणि त्यांचा अहवाल कितीही सुरेख असला, तरी मॅडमनी मला विचारला तो प्रश्न त्यांनाही विचारा.