बसणे आणि बसवणे

तीन-चार वर्षांचे मूल बालवाडीत जाऊ लागले की घरची मंडळी त्याच्या शिक्षिकेला पहिला प्रश्न विचारतात, तो असा : 'नीट बसतो ना?' खेळतो का, बोलतो का, हे प्रश्न मागाहून येतात. एका जागी बसणे हीच विद्येची पहिली पायरी, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे.

वस्तुतः मूल किती वेळ बसते, हे त्याच्या स्वभावापेक्षा मोठ्या माणसांनी केलेल्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. पहिली गोष्ट जागेची. एका लहानशा खोलीत तीस मुले गुडघ्याला गुडघा लावून बसली, तर एकाने उठताच दुसऱ्याच्या पाटीवर पाय पडतो. शिक्षिका एकटी असेल, तर सर्वांना बसवून ठेवण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही. अंगण नसले, किंवा असूनही ते पावसाळाभर चिखलाने भरलेले असले, की खोलीच्या चार भिंती हेच मुलाचे जग होते. त्यातच मूल लवकर अक्षरे गिरवू लागावे, ही पालकांची घाई. आणि मुलगी असेल तर तिने अधिकच शांत बसावे, ही न बोललेली अपेक्षा!

ही व्यवस्था बदलता येते, हे इतिहासाने दाखविले आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत जमिनीला जखडलेल्या बाकांची जागा मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या मेज-खुर्च्यांनी घेतली. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीस आल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी हे शिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. जी मुले शाळेत येऊन बसत नव्हती, त्यांच्याकडे शाळाच उठून गेली. अंगणात अंगणवाडी भरली; पुढे कोसबाडला गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्लाही याच दिशेचा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी निदान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांपैकी निदान ६० मिनिटे धावण्या-उडण्यासारखी जोमदार असावीत, आणि त्याला एका वेळी तासाहून अधिक काळ जखडून ठेवू नये, असे ती संघटना सांगते. धावण्या-चढण्यातूनच या वयात हाडे व स्नायू बळकट होतात आणि तोल सावरण्याची शक्ती येते.

याचा अर्थ मुलाने कधी बसूच नये, असा नव्हे. मणी ओवताना किंवा गोष्ट ऐकताना तेच चंचल मूल कितीतरी वेळ स्थिर असते. ते बसणे त्याचे स्वतःचे असते. त्यात एकाग्रता असते. धाकाने बसविलेले मूल केवळ देहाने बसते. हा भेद ज्या शिक्षिकेला उमगला, ती दोन बैठ्या कामांमध्ये एखादे बडबडगीत हावभावांसह म्हणवून घेते, चटया गोळा करण्याचे काम मुलांकडे सोपविते, आणि पाऊस उघडताच दार उघडते. पालकांनीही मूल घरी आल्यावर 'नीट बसलास ना?' असे न विचारता 'आज काय काय केलेस?' असे विचारावे. त्या उत्तरात त्याच्या शाळेची खरी परीक्षा होईल.